दात दुखतोय? आधी हार्टची फाइल काढा!

दुधाचा दात पडला म्हणून पाच दिवसांचं सिरप, आणि हार्टचं ऑपरेशन झालेल्या मुलीला मात्र काहीच नाही... दाताच्या दवाखान्यात लहान मुलांना अँटिबायोटिक नेमकं कधी लागतं? पुण्या-मुंबईत बसून गावाकडच्या घराचा 'मेडिकल हेल्पडेस्क' सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी.

तुमच्या लॅपटॉपचा बॅकअप आहे? मोबाइलमधल्या फोटोंचा? सॅलरी स्लिप, रेण्ट अॅग्रीमेण्ट, गाडीचा इन्शुरन्स, सगळं कसं फोल्डर करून ठेवलेलं. गुड! आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरातल्या एखाद्या लहान मुलाच्या हार्टचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याचं डिस्चार्ज कार्ड आत्ता कुठे आहे? 'आईच्या कपाटात असेल बहुतेक', असं उत्तर आलं तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याचा. नोकरी पुण्यात. घरात कुणालाही काहीही झालं की फोन मला येतो, कारण काय, तर मी 'कम्प्युटरवाला'! रिपोर्टचा फोटो येतो, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो येतो, आणि मागोमाग ताईचा आवाज, 'बघ ना रे, हे कशाचं आहे?' आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्या प्रत्येकाचा हा न पगारी पार्टटाइम जॉब असतो.

गेल्या दिवाळीत गावी होतो. घरात दोन छोटे पेशण्ट. माझा नऊ वर्षांचा पुतण्या, धडधाकट, दिवसभर सायकलवर. त्याचा एक दुधाचा दात हलत होता आणि मागून पक्का दात डोकावत होता. दुसरी माझी भाची, सात वर्षांची. तिच्या हृदयात जन्मतःच दोष होता. 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो' हे त्याचं भारदस्त नाव. दोन वर्षांची असताना नागपूरला ऑपरेशन झालं, हृदयातलं छिद्र पॅच लावून बंद केलं. आज ती शाळेत जाते, नाचते, भावाशी भांडते. फक्त पॅचच्या कडेला एक बारीक गळती राहिली आहे, ती दर वर्षी इकोमध्ये बघायची. तिची एक दाढ किडली होती आणि ती काढायची होती.

दोघांना एकाच दिवशी दाताच्या दवाखान्यात नेलं. पुतण्याचा दात डॉक्टरांनी मिनिटभरात काढला आणि चिठ्ठीवर पाच दिवसांचं अँटिबायोटिक सिरप लिहिलं. मग भाचीचा नंबर. रिसेप्शनच्या फॉर्मवर नाव, वय, मोबाइल नंबर, बस्स! हार्टबद्दल प्रश्नच नव्हता. ती खुर्चीत बसली, लाइट लागला, आणि दाराशी उभी असलेली आजी म्हणाली, 'डाक्टरसाहेब, पोरीच्या छातीचं आपरेशन झालेलं हाय बरं का.'

डॉक्टरांनी हातातलं इन्स्ट्रुमेण्ट खाली ठेवलं. त्या दिवशी दाढ निघाली नाही, आणि ते अगदी बरोबर झालं. ज्याला औषधाची गरज नव्हती त्याला बाटली मिळाली होती, आणि जिला गरज होती ती आजी बोलली नसती तर औषधाविनाच राहिली असती. हा घोळ फक्त आमच्या घरात होतो असं समजू नका.

दाताचा हार्टशी काय संबंध?

आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतूंची एक भलीमोठी वसाहत असते. त्यात 'व्हिरिडान्स स्ट्रेप्टोकोकाय' नावाच्या मंडळींची संख्या भरपूर. तोंडात असेपर्यंत ती फारसा त्रास देत नाहीत. पण दात उपटला, हिरडीखाली खरवडलं की त्यातली काही थेट रक्तात शिरतात. निरोगी माणसाच्या शरीरात त्यांचा खेळ थोड्याच वेळात खलास होतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

प्रॉब्लेम होतो तो हृदयात आधीच बिघाड असेल तर. झडप कृत्रिम असेल, पॅचच्या कडेने रक्ताचा फवारा उडत असेल, तर तिथलं अस्तर खरबरीत होतं. नळाच्या गळक्या जागी शेवाळ धरतं ना, तसंच. त्या खरबरीत जागी रक्तातल्या पेशी चिकटतात, आणि वाटेने जाणाऱ्या जंतूंना बसायला आयती जागा मिळते. ते तिथे वाढतात. यालाच 'इन्फेक्टिव्ह एण्डोकार्डायटिस' म्हणतात, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला झालेला जंतुसंसर्ग.

आजार दुर्मिळ आहे, पण झाला तर डेंजरस. साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून औषधं द्यावी लागतात. झडप खराब होऊ शकते, पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते, तिथला तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. उपचार होऊनही काही रुग्ण दगावतात. म्हणूनच डॉक्टरांनी विचार केला, की दाताला हात लावण्याआधीच रक्तात अँटिबायोटिक तयार ठेवलं तर? या आधीच दिलेल्या डोसला 'प्रोफिलॅक्सिस' म्हणतात. मराठीत सांगायचं तर पूर आला नसताना बांधलेला बांध.

पन्नास वर्षांनी घेतलेला यू-टर्न

दात काढल्यावर लगेच रक्त तपासलं तर त्यात तोंडातले जंतू सापडतात, हे ओकेल आणि एलियट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं. पुढे पेनिसिलिन हाताशी आलं आणि १९५५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सल्ला दिला, की हृदयदोष असलेल्यांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक द्या. नंतरच्या काळात हा सल्ला अनेकदा बदलला. यादी लांबलचक होती. हृदयात थोडी जरी खोट असली तरी द्या डोस, असा एकूण मामला होता.

मग २००७ साल उजाडलं आणि त्याच संघटनेने चक्क यू-टर्न घेतला. का? कारण साधं होतं. जंतू रक्तात जातात ते फक्त दात काढताना नाही. ब्रश करताना, फ्लॉस करताना, इतकंच काय, घास चावतानाही ते जातात. दाताच्या डॉक्टरकडे मूल वर्षातून एखाद्-दोनदा जातं, पण चावतं रोज! वर्षभराची बेरीज केली तर खुर्चीतल्या त्या पाच मिनिटांपेक्षा रोजच्या घासांचा वाटा कितीतरी मोठा. म्हणजे डोस शंभर टक्के लागू पडला तरी त्यातून वाचणाऱ्या केसेस अगदी थोड्या. उलट औषधाची अॅलर्जी, जुलाब, आणि औषधांना दाद न देणारे जंतू तयार होणं, हे तोटे आहेतच.

म्हणून नवा नियम आला. ज्यांना हा आजार झाला तर सर्वांत भयंकर नुकसान होईल, फक्त त्यांनाच डोस द्या. बाकीच्यांनी तोंड स्वच्छ ठेवा. इंग्लंडची 'नाइस' ही संस्था तर त्याच्याही पुढे गेली. २००८ मध्ये तिने सांगितलं, कुणालाच देऊ नका. २०१६ मध्ये त्या वाक्यात 'सरसकट' हा शब्द घालून तिने थोडी जागा मोकळी केली. अमेरिकन संघटनेने २०२१ मध्ये पुन्हा आढावा घेतला आणि २००७ चाच सल्ला कायम ठेवला. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही जास्त धोक्याच्या रुग्णांना डोस द्या असंच आहे.

थोडक्यात फण्डा असा की 'हार्टचा पेशण्ट म्हणजे अँटिबायोटिक हवंच' हे जुनं झालं, आणि 'आता कुणालाच लागत नाही' हेही खरं नाही.

मग यादीत कोण?

ही यादी नीट वाचा. घरातलं कुणी यात बसतंय का, बघा.

* ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम साहित्य वापरलं आहे.
* ज्यांना एण्डोकार्डायटिस आधी एकदा होऊन गेला आहे.
* ज्या मुलांचे ओठ-नखं निळसर पडतात असा जन्मजात दोष आहे आणि त्याचं पूर्ण ऑपरेशन अजून झालेलं नाही. तात्पुरता शण्ट टाकलेली मुलंही यातच.
* जन्मजात दोष पॅच किंवा डिव्हाइस लावून पूर्ण दुरुस्त केला आहे, पण त्याला अजून सहा महिने व्हायचे आहेत.
* दुरुस्ती झाली, पण पॅच किंवा डिव्हाइसच्या जागी वा त्याला लागून गळती उरली आहे. आमची भाची इथे बसते. ऑपरेशनला पाच वर्षं झाली तरी!
* हृदय प्रत्यारोपण झालं आहे आणि झडपेत दोष आहे.

आता यादीत नसलेले बघा. हृदयातलं छोटं छिद्र, ज्याचं ऑपरेशन झालेलं नाही आणि मूल निळं पडत नाही. बटन लावून बंद केलेलं छिद्र, सहा महिने उलटलेले आणि गळती शून्य. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून 'थोडा आवाज येतो, पण काळजीचं नाही' असं सांगितलेलं मूल. या सगळ्यांना दाताच्या कामाआधी डोस लागत नाही.

आणि एक ग्रे एरियाही आहे. संधिवाताच्या तापाने, म्हणजे रुमॅटिक फीव्हरने झडप खराब झालेली मुलं. अमेरिकन यादीत ती नाहीत, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, जिथे काही समाजांत हा आजार अजून बराच दिसतो, त्यांना यादीत धरतात. आपल्याकडेही हा आजार संपलेला नाही. त्यामुळे अशा मुलाच्या बाबतीत आपल्या हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं आणि ते सांगतील तसं करायचं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. घरचे म्हणतात, 'सुई तर चालूच आहे, मग दाताला वेगळं कशाला?' पण ती सुई रुमॅटिक फीव्हर उलटू नये म्हणून असते, दातासाठी नाही. उलट पेनिसिलिन सतत चालू असल्याने तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात. म्हणून दातासाठी डोस ठरलाच तर डॉक्टर वेगळ्या गटातलं औषध निवडतात. हे इंजेक्शन चालू आहे हे दाताच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

प्रत्येक कामाला डोस नाही, बॉस!

मूल यादीत असलं तरी खुर्चीत बसलं की डोस, असंही नाही. हिरडी किंवा दाताच्या मुळाच्या टोकाशी छेडछाड होणार असेल, तोंडाच्या आतली त्वचा फाटणार असेल, तेव्हाच तो लागतो. दात काढणं, हिरडीखालची सफाई, मुळाच्या टोकापलीकडे जाणारं रूट कॅनाल, हिरडीखाली बसवायची स्टीलची कॅप ही अशी कामं.

एक्स-रे काढायला, तारांचं सेटिंग बदलायला, काढता-घालता येणारी प्लेट बसवायला, निरोगी हिरडीत भूल द्यायला डोस नको. मूल पडलं आणि ओठ फुटून रक्त आलं, तरी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुधाचा दात आपोआप पडला तर अजिबात नको! हार्टच्या मुलालाही नको. निसर्गाने काढलेल्या दाताला चिठ्ठी लागत नाही.

मग माझ्या पुतण्याच्या त्या पाच दिवसांच्या सिरपचं काय? त्याचं हृदय ठणठणीत, ताप नाही, गाल सुजलेला नाही, हलता दात काढला. अशा मुलाला अँटिबायोटिकची गरज नसते, आधीही आणि नंतरही. पू होऊन गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास व्हायला लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा अँटिबायोटिक हा उपचार असतो, प्रोफिलॅक्सिस नव्हे. चिठ्ठी हातात आली की एवढंच विचारायचं, 'डॉक्टर, हे उपचारासाठी आहे की खबरदारीसाठी?' प्रश्न साधा आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

१८ एमएलचं गणित

भाचीच्या हार्टच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. दोन दिवसांनी यवतमाळला बालदंतरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली. डोस ठरला. प्रमाण असं असतं : साधं अॅमॉक्सिसिलिन, मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोला ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी तोंडावाटे, एकदाच. भाचीचं वजन १८ किलो. म्हणजे ९०० मिलिग्रॅम. पाच एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप घेतलं तर ते होतं १८ एमएल.

मेडिकलवाल्या भाऊंनी चिठ्ठी दोनदा वाचली. 'एवढं एका टायमाले? लिहिण्यात चुकलं असंन.' ताई घाबरली. त्यांचंही बरोबर होतं, कारण रोजच्या सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठीत पाच-सात एमएलच दिसतं. पण हा डोस वेगळा आहे. तो पाच दिवसांत वाटून द्यायचा नसतो. दाढ निघत असताना रक्तात औषधाची पातळी भरपूर असावी म्हणून एकदाच, पण भरघोस द्यायचा असतो. अशा वेळी मेडिकलवाल्याने शंका काढली तर डोस स्वतःहून अर्धा करू नका. त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावा. आम्ही लावला, शंका मिटली.

आणखी काही गोष्टी कामाच्या आहेत. डोस द्यायचा राहिलाच, तर काम झाल्यावर दोन तासांच्या आत देता येतो. मूल आधीच दुसऱ्या कारणाने अँटिबायोटिक घेत असेल आणि दाताचं काम थांबण्यासारखं असेल, तर तो कोर्स संपल्यावर किमान दहा दिवस थांबणं बरं. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर अॅझिथ्रोमायसिनसारखे पर्याय आहेत. पूर्वी क्लिण्डामायसिन सर्रास सुचवत, पण त्याचे दुष्परिणाम जास्त गंभीर असू शकतात म्हणून अमेरिकन संघटनेने २०२१ मध्ये ते यादीतून काढलं. कुणाच्या जुन्या फाइलमध्ये ते लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. आणि हे गणित समजून घ्यायला आहे, घरी डोस ठरवायला नाही. डोस डॉक्टरच ठरवणार.

पाणी, पथक आणि आपलं यवतमाळ

यवतमाळचे दात म्हटलं की आम्हाला आधी आठवतं ते पाणी. पांढरकवड्याच्या भागात विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, याची नोंद भूजल अभ्यासकांनी केलेली आहे. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड चांगलं नाही. दात घडत असताना ते जास्त गेलं की दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग उठतात. हा फ्लोरोसिस. तो जंतुसंसर्ग नाही, त्याला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पण त्यामुळे एक सवय लागते. 'आमच्याकडे सगळ्यांचेच दात असे', असं म्हणून डागांच्या शेजारची खरीखुरी कीडही दुर्लक्षित राहते. दोन्हींतला फरक डॉक्टरलाच दाखवून घ्यायला हवा. अशा गावात मुलाला कोणती पेस्ट आणि किती, हेही त्यांनाच विचारा.

आता चांगली बातमी. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. डॉक्टरांची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतात. ती काय तपासतात, त्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, रुमॅटिक हृदयविकार आहे, आणि किडलेले दातही आहेत! म्हणजे हार्ट आणि दात एकाच कागदावर. हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च गरजू कुटुंबांना पेलावा म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. दाताच्या मोठ्या कामासाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

मग अडतं कुठे? मधल्या धाग्यात. ऑपरेशन नागपूरला, दाढ यवतमाळला, शाळा दारव्ह्याला, आणि फाइल घरी कपाटात. हार्टचे डॉक्टर दात बघत नाहीत, दाताचे डॉक्टर इको बघत नाहीत. नागपूर लांब, त्यामुळे ऑपरेशनला तीन-चार वर्षं झाली आणि मूल खेळायला लागलं की फॉलो-अप सुटतो. 'आता पोरगी चांगली आहे ना' म्हणत घरचेही विसरतात. या दोन खुर्च्यांना जोडणारा माणूस कुणी नेमलेला नाही. तो घरातलाच कुणीतरी असावा लागतो. आमच्याकडे तो आजी निघाली, जिने आयुष्यात कधी गाइडलाइन हा शब्द ऐकलेला नाही.

उरलेलं सिरप फेकून द्या

आता तुमच्या फ्रीजच्या दारात बघा. मुलाच्या मागच्या आजारातली अर्धी बाटली आहे? पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप थोड्याच दिवसांत निकामी होतं. पण खरा धोका वेगळा आहे.

हार्टच्या यादीतल्या मुलाला ताप आला, आठवडाभर उतरेना, मूल सुस्त झालं, वजन घटायला लागलं. अशा वेळी घरातली उरलेली बाटली किंवा दुकानातून मागून आणलेलं अँटिबायोटिक सुरू करणं ही सगळ्यात घातक गोष्ट. एण्डोकार्डायटिस आहे का हे कळायला रक्ताचं कल्चर करावं लागतं, आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावं लागतं. दोन चमचे सिरप पोटात गेलं की रक्तातले जंतू दबतात, कल्चर कोरं येतं, आणि आजार मात्र आतल्या आत चालू राहतो. म्हणून अशा मुलाचा ताप लांबला तर आधी डॉक्टर, आधी कल्चर, मग औषध.

२०१६ मध्ये सरकारने पाकिटावरच्या लाल रेषेची मोहीम काढली होती. आठवतेय? उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. रेघ आजही पाकिटांवर असते. आपण तिच्यावर बोट ठेवून गोळी सोलतो, एवढंच.

खरं प्रोफिलॅक्सिस तर ब्रशमध्येच

डोस वर्षातून एखाद्या वेळी. चावणं रोज. मग खरं काम रोजच्या ब्रशलाच करावं लागणार ना? किडक्या दाढा आणि सुजलेल्या हिरड्या जितक्या कमी, तितके रक्तात शिरणारे जंतू कमी. २००७ च्या त्या यू-टर्नचा हाच तर मुख्य मेसेज होता.

आमच्याकडे तोंडाच्या आरोग्याचा विषय निघाला की गाडी थेट खर्ऱ्यावर जाते. जायलाच हवी. पण तोवर घरातलं लेकरू चहात बुडवून बिस्कीट खात असतं, रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपतं आणि 'दुधाचे दात काय, पडणारच आहेत' असं आपण म्हणतो. हार्टच्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य घरात बॅन करा. मुळापर्यंत किडलेला दुधाचा दात अशा मुलात वाचवत बसण्यापेक्षा बरेच तज्ज्ञ काढून टाकणंच पसंत करतात, म्हणजे तिच्या वाट्याला आणखी एक खुर्ची, आणखी एक डोस. आणि मोठं हार्टचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी दात तपासून, किडलेले निस्तरून घेणं हाही तयारीचाच भाग असतो.

सकाळी आणि रात्री झोपताना ब्रश. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने करून द्यायचा, मूल कितीही स्मार्ट असलं तरी! हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून ब्रश थांबवायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

भाचीची दाढ निघाली. डोस दिल्यावर पाऊण तासाने, दहा मिनिटांत. घरी येऊन तिने आइस्क्रीम मागितलं, आणि पुढच्या तपासणीची तारीख ताईने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली.

या वीकएण्डला करायची सहा कामं

१. घरी फोन लावा. ऑपरेशन झालेल्या मुलाचं डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा इको रिपोर्ट शोधायला सांगा, आणि त्यांचा स्पष्ट फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये घ्या.

२. हार्टच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत एकच गोष्ट लिहून मागा, 'दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक हवं की नको.' नको असेल तर तेही लिहून घ्या. त्याने पुढची कितीतरी बिनकामाची सिरपं वाचतील.

३. एका छोट्या कार्डावर मुलाचं नाव, दोषाचं नाव, ऑपरेशनची तारीख, पॅच किंवा झडप आहे का, गळती आहे का, अॅलर्जी, चालू औषधं आणि डॉक्टरांचा फोन लिहा. लॅमिनेट करा. एक घरी, एक दप्तरात.

४. मुलाचं वजन दर सहा महिन्यांनी त्या कार्डावर लिहा. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही.

५. दर सहा महिन्यांनी दात दाखवा, दुखत नसले तरी. वेळ घेतानाच सांगा, की मूल हार्टचं आहे.

६. आणि हे काम स्वतःसाठीही करा. लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालेली कितीतरी मुलं आता मोठी होऊन आपल्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसली आहेत. जिममध्ये जातात, ट्रेक करतात, आणि अक्कलदाढ काढायला एकटीच जातात. सोबत आजी नसते. तेव्हा ते वाक्य आपलं आपणच म्हणायचं.